मुंबईत अ‍ॅव्होकाडो: रोप आणण्यापासून फळ उतरवेपर्यंत

माझं पहिलं अ‍ॅव्होकाडोचं रोप जुलैत गेलं. दहिसरला आमच्या इमारतीच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीला लागून थोडी मोकळी जमीन आहे. तिथे जूनच्या पहिल्या पावसात मी ते लावलं, कारण आंबा, पेरू, चिकू सगळं आपल्याकडे मृगातच लावतात. तीन आठवड्यांनी पानं मलूल होऊन खाली लोंबायला लागली. पावसाने चार दिवस उघडीप दिली होती, म्हणून मला वाटलं पाणी कमी पडलंय, आणि मी दोन बादल्या ओतल्या. आठवड्याभरात रोप वाळलं. उपटून पाहिलं तर बारीक मुळं काळी पडलेली, बोटांत धरून ओढली की वरची साल सुटून हातात यायची आणि आत दोऱ्यासारखा गाभा राहायचा. खड्ड्याच्या तळाशी वीतभर पाणी साचलेलं होतं.

आता त्याच जमिनीत एक झाड आहे आणि गच्चीवर ड्रममध्ये दुसरं. दोन्हींना फळं धरतात. मधल्या वर्षांत जे शिकले त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते: मुंबईच्या उन्हात हे झाड तगतं, पण मुळांशी पाणी साचलं की जातं. खाली जे काही लिहिलंय त्यातला निम्मा खटाटोप पावसाळ्यातल्या पाण्याला वाट करून देण्यासाठीच आहे.

कोणतं झाड आणायचं

अ‍ॅव्होकाडो मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला, आपल्या दालचिनी-तमालपत्राच्या कुळातला. त्याचे तीन मोठे गट आहेत: मेक्सिकन, ग्वाटेमालन आणि वेस्ट इंडियन. पहिले दोन उंच, थंड डोंगराळ मुलखातले. तिसरा समुद्रसपाटीजवळच्या उष्ण, दमट प्रदेशातला. आपल्या कामाचा हा तिसरा गट, किंवा त्याचा ग्वाटेमालन गटाशी झालेला संकर.

दुकानात दिसणारा काळपट, खडबडीत सालीचा अ‍ॅव्होकाडो म्हणजे ‘हास’. कॅलिफोर्नियात रुडॉल्फ हास यांच्या बागेत बीपासून योगायोगाने उगवलेल्या झाडाचा तो वाण, १९३५ साली त्याचं पेटंट घेतलं गेलं. चवीला उत्तम आहे, पण त्याचा पिंड थंड हवेचा. मुंबईच्या दमट उन्हाळ्यात त्याच्यावर फळासाठी भरवसा ठेवू नका. ‘हास’चं कलम महाग मिळतं आणि लोक नाव ऐकून तेच घेतात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

वेस्ट इंडियन गटातले पोलॉक आणि सिमंड्स, आणि संकरातले बूथ ८, चोकेट, मन्रो हे उष्ण हवेतले वाण. फळं मोठी, साल हिरवी आणि बहुतेकांची गुळगुळीत, गर ‘हास’पेक्षा कमी तेलकट आणि किंचित गोडसर. आपल्या देशातले वाण म्हणजे बंगळुरूजवळ हेसरघट्ट्याला असलेल्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे अर्का सुप्रीम आणि अर्का कूर्ग रवी, आणि तामिळनाडूत थडियनकुडिसाईच्या केंद्राचा टीकेडी-१. पण टीकेडी-१ पळणीच्या डोंगरांतला आहे. मुंबईसाठी मी आधी पोलॉक, सिमंड्स किंवा बूथ शोधीन, आणि ते नाहीच मिळाले तर अर्काचं कलम आणीन.

रोपवाटिकेत गेलात की पाटीवर विसंबू नका, खोड बघा. जमिनीपासून वीतभर उंचीवर खोडावर कलमाची खूण हवी: पाचरीसारखा इंग्रजी व्ही आकाराचा व्रण, आणि त्याच्या वर-खाली सालीच्या रंगात थोडा फरक. खोड तळापासून शेंड्यापर्यंत एकसारखं गुळगुळीत असेल तर ते बीचं रोप आहे, विकणारा काहीही म्हणो. पिशवीच्या तळातून जाडजूड मुळं बाहेर आली असतील तर आत ती गोल फिरून अडकलेली असतात, ते रोप ठेवून द्या. फार उंच रोप घेऊ नका. दोन-अडीच फुटांचं, ठसठशीत पानांचं बरं.

आणि कोय लावून? पाण्याच्या पेल्यात टूथपिकवर ठेवलेली कोय सहसा तीन ते आठ आठवड्यांत फुटते, मुलांना बघायला मजा येते. पण बीच्या झाडाला फळ यायला सात-आठ वर्षं किंवा त्याहूनही जास्त लागतात, आणि येणारं फळ आईसारखं निघेलच असं नाही. कलमाला तीन-चार वर्षांत फळ येतं. कोय वाया घालवायची नसेल तर खुंट म्हणून, म्हणजे ज्याच्यावर कलम बांधायचं ते मुळांकडचं रोप म्हणून वाढवा. त्यासाठी ‘हास’ची कोय नको. पावसाळ्याच्या तोंडाला दक्षिणेकडून येणाऱ्या मोठ्या, गुळगुळीत सालीच्या फळाची घ्या, कारण वेस्ट इंडियन जातीची मुळं खारटपणा जास्त सोसतात. खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला की चांगल्या झाडाची काडी मिळवून पाचर कलम करता येतं. हापूसची कलमं बांधणारा कोकणातला माणूस हे काम सहज करून देईल.

जमीन तपासा

जिथे लावायचंय तिथे फूटभर खोल खड्डा करा, पाण्याने भरा, जिरू द्या. पुन्हा भरा आणि पट्टी धरून तासाभराने पाहा. तासाला इंचभरही पाणी उतरत नसेल तर तिथे सपाट जमिनीत अ‍ॅव्होकाडो लावायचा नाही. माझ्या जागेत अर्धा इंचही उतरलं नव्हतं. हे मी आधी केलं असतं तर पहिलं रोप वाचलं असतं.

मुंबईत आणखी एक अडचण आहे. पुष्कळ सोसायट्यांची जमीन भरणीची असते आणि वरच्या वीतभर लाल मातीखाली नुसता राडारोडा सापडतो. त्यातल्या सिमेंट-चुन्यामुळे माती अल्कधर्मी होते, आणि अशा मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. फावडं मारल्यावर विटा आणि प्लास्टरचे तुकडे निघायला लागले तर खाली खणत बसू नका, वर चढा.

वर चढा म्हणजे उंचवटा करा. हीच या लागवडीतली मुख्य पायरी. चार-पाच फूट रुंद आणि दोन फूट उंच ढीग घालायचा. कडेला जांभ्याचे चिरे किंवा जुन्या विटा कोरड्याच रचायच्या, सिमेंटने सांधायच्या नाहीत, म्हणजे फटींतून पाणी निघून जातं. अ‍ॅव्होकाडोची अन्न घेणारी बरीचशी मुळं वरच्या वीतभर थरातच पसरतात, त्यामुळे एवढी उंची त्याला पुरते. जागा इमारतीच्या भिंतीपासून आणि पाण्याच्या टाकीपासून लांब असावी. दिवसाला सहा तास ऊन हवं. दोन इमारतींमधल्या बोळात जिथे पावसाळी वारा बोगद्यासारखा घुसतो तिथे नको, कारण याच्या फांद्या ठिसूळ असतात, कडाड्कन मोडतात.

भरण्यासाठी मी वापरते ते मिश्रण: दोन भाग लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, एक भाग विटांचा जाडा चुरा, एक भाग भाताचं तूस किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे. वर दोन-तीन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीट मी टाळते. ते पावसाळ्यात पाणी धरून बसतं, आणि न धुतलेल्या कोकोपीटमध्ये मीठ असतं. खाडीची किंवा समुद्राची रेती तर अजिबात नको. फळझाडांमध्ये खारटपणाने इतक्या लवकर दुखावणारी झाडं थोडीच आहेत.

लावायचं कधी आणि कसं

जूनमध्ये लावू नका. सांताक्रूझच्या वेधशाळेत एकट्या जुलैचा सरासरी पाऊस ८०० मिलिमीटरच्या वर असतो, आणि २६ जुलै २००५ ला तर २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. नवं, जखमी मुळांचं रोप त्या पाण्यात ढकलण्यापेक्षा गणपती झाले की कामाला लागा आणि नवरात्रापासून दिवाळीपर्यंत लावून घ्या. ऑक्टोबरचं ऊन कडक असतं, पण त्याला उपाय आहे: पश्चिमेकडून आणि वरून निम्मं ऊन अडवणारी हिरवी जाळी. पावसाला असा उपाय नाही. या वेळी लावलेल्या रोपाला पुढच्या पावसाआधी आठ महिने मिळतात, तेवढ्यात त्याची मुळं बसतात.

उंचवट्याच्या माथ्यावर पिशवीएवढाच खड्डा करा. पिशवी ब्लेडने उभी चिरून अलगद सोडवा, मातीचा गोळा फुटू देऊ नका. इथे धसमुसळेपणा चालत नाही, याची मुळं आंब्यासारखी सोशीक नसतात. गोळ्याचा वरचा भाग आजूबाजूच्या मातीपेक्षा बोटभर वरच राहिला पाहिजे. खोडाला माती लागली की साल कुजते, कलमाचा सांधा तर कधीच मातीआड जाता कामा नये. बांबूची काठी रोवून सुती चिंधीने आठाच्या आकड्यासारखी सैल गाठ मारा. पोटभर पाणी द्या.

मग आच्छादन. सुकी पानं, सोडणं, बारीक फांद्या यांचा चार-पाच इंच थर संपूर्ण उंचवट्यावर, खोडापाशी मात्र वीतभर जागा उघडी. जंगलात हे झाड स्वतःच्याच पानांच्या जाड गादीत वाढतं. सोसायटीचा झाडूवाला रोज पानं गोळा करून पोत्यात भरतो, ती मी मागून घेते. खोडाभोवती कुदळ, खुरपं चालवायचं नाही, तण हाताने उपटायचं.

गच्चीवर ड्रममध्ये

जमीन नसेल तर दोनशे लिटरचा निळा ड्रम अर्धा कापून घ्या. सुरुवातीला वीस-पंचवीस लिटरची कुंडी चालते, दीड-दोन वर्षांनी ड्रममध्ये हलवायचं. तळाला अंगठ्याएवढी दहा-बारा भोकं, आणि कडेलाही, तळापासून दोन बोटं वर, चारपाच. तळाची बुजली तरी बाजूची चालू राहतात. तीन-चार विटांवर ड्रम ठेवायचा, खाली ताटली नको. मेमध्ये ड्रम इतका तापतो की आतल्या कडेची मुळं शिजतात, म्हणून बाहेरून गोणपाट गुंडाळा.

मातीने भरलेला, भिजलेला अर्धा ड्रम सव्वाशे-दीडशे किलोंच्या घरात जातो. तो स्लॅबच्या मध्यावर ठेवू नका, तुळई किंवा खांब जिथे आहे त्याच्यावर ठेवा, आणि सोसायटीला आधी विचारा. जुन्या इमारतीत तर एखाद्या अभियंत्याला दाखवूनच.

पाणी आणि खत

महापालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांतून येतं आणि ते गोडं असतं, झाडाला मानवतं. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी किनाऱ्याजवळ अनेकदा खारट असतं. पानांची टोकं आणि कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या तर आधी पाण्यावर संशय घ्या. एक-दोन वेळा भरपूर गोडं पाणी सोडून क्षार खाली धुऊन काढावे लागतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी जमिनीतल्या रोपाला आठवड्यातून दोनदा, मार्च ते मे तीन-चारदा, गच्चीवरच्या ड्रमला एप्रिल-मेमध्ये जवळजवळ रोज. पण हे वेळापत्रक डोळे मिटून पाळू नका. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर पाणी नको, कोरडं लागलं तर द्या. मार्चमध्ये पूर्वेकडचे वारे सुटून पारा ३८-३९ अंशांवर जातो, ते दिवस फुलांना आणि कोवळ्या फळांना फार वाईट. त्या दुपारी जाळी लावा, आच्छादन सकाळीच भिजवा.

खतात हात आखडता ठेवा. पहिल्या वर्षी दर दोन महिन्यांनी दोन मुठी गांडूळखत आणि एक मूठ निंबोळी पेंड, पुढे वर्षाला दहाएक किलो शेणखत, ऑक्टोबर आणि फेब्रुवारीत विभागून. पालाश द्यायचं तर म्युरेट ऑफ पोटॅश नको, त्यातलं क्लोराइड बाधतं, सल्फेटच्या रूपात द्या. नवी पानं लहान आणि शिरांमध्ये फिकट आली तर जस्त कमी आहे: लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम चुना, गाळून, नव्या पालवीवर संध्याकाळी फवारा.

पावसाचे चार महिने

मेच्या शेवटी मी ही कामं उरकते. ड्रमची भोकं काठीने साफ करते. उंचवटा खचला असेल तिथे माती घालते. काठी बदलते. आच्छादन थोडं पातळ करते, म्हणजे खाली शेवाळ धरत नाही. शेणखतात मुरवलेला ट्रायकोडर्मा, म्हणजे मुळांच्या रोगांना अटकाव करणारी उपयोगी बुरशी, मुळांच्या पट्ट्यात पसरते. आणि करप्यासाठी बोर्डोची एक फवारणी.

एक टक्का बोर्डो घरी लिटरभर होतं: १० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये विरवून, आणि दोन्ही एकदम तिसऱ्या प्लास्टिकच्या भांड्यात ओतून ढवळायचं. आकाशी रंगाचं दाटसर पाणी होतं. त्यात लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून काढा. खिळ्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, तसंच मारलं तर पानं जळतील. थोडी चुन्याची निवळी घालून पुन्हा खिळा बुडवा. खिळा स्वच्छ निघाला की गाळून त्याच दिवशी वापरून टाका.

ज्या रोगाने माझं पहिलं रोप नेलं तो म्हणजे मूळकूज. फायटोफ्थोरा सिनॅमोमी नावाचा जीव हे करतो, त्याचे बीजाणू मातीतल्या पाण्यात पोहत मुळांपर्यंत जातात. जगभर अ‍ॅव्होकाडोचा मोठा शत्रू हाच. लक्षण फसवं असतं: माती ओली, तरी पानं तहानल्यासारखी लोंबतात, फिकट होतात, शेंडे वाळतात. अशा वेळी पाणी देणं म्हणजे रोगाला हातभार. खोडापासून हातभर लांब, आच्छादन बाजूला करून चारदोन बारीक मुळं उकरून बघा. पांढरट-पिवळसर आणि लवचिक असतील तर काळजी नाही. काळी, ठिसूळ असतील तर त्याच दिवशी पाण्याला चर काढून द्या, ड्रम असेल तर आडोशाला हलवा, एक तृतीयांश पाला छाटा म्हणजे उरलेल्या मुळांवरचा भार कमी होतो, आणि पोटॅशियम फॉस्फोनेट पाकिटावर दिलेल्या मात्रेत फवारा. मुठीभर जिप्सम मातीत मिसळलं तरी मदत होते. अर्ध्याहून जास्त पानं गळायच्या आत हे केलं तर झाड परत येण्याची आशा असते.

पिठ्या ढेकूण आणि खवले कीड पाऊस संपल्यावर येतात. आधी जोरात पाण्याची धार मारायची, मग लिटरला ५ मिलि कडुलिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी.

छाटणी

रोप तीन फुटांचं झालं की शेंडा खुडा, तीन-चार फांद्या सगळ्या दिशांना वाढू द्या. पुढे दरवर्षी फळं उतरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास, दहा-बारा फुटांवर थोपवा. एकदम खूप छाटलं तर उघडी पडलेली साल उन्हाने भाजते, तिथे पाण्यात कालवलेला चुना लावा. सोसायटीच्या आवारातलं झाड मोठं झाल्यावर त्याच्या छाटणीसाठी महापालिकेच्या उद्यान खात्याची परवानगी लागते, महाराष्ट्रात १९७५ पासून झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. लहान असतानाच हाताने आकार देत गेलात तर करवतीची वेळच येत नाही.

फूल

थंडी पडली की, डिसेंबर ते फेब्रुवारीत, फांद्यांच्या टोकांना हिरवट-पिवळे घोस येतात. पहिल्या वर्षी मी रोज सकाळ-संध्याकाळ गच्चीवर जाऊन एकाच फांदीवरची फुलं पाहत बसायचे. एकेक फूल दोनदा उमलतं. पहिल्यांदा उघडतं तेव्हा ते मादी असतं: मध्ये पांढरी, ओलसर कुक्षी उभी आणि पुंकेसर बाहेरच्या बाजूला पाकळ्यांवर निजलेले. काही तासांनी मिटतं. दुसऱ्या दिवशी उघडतं तेव्हा तेच पुंकेसर उठून उभे राहतात, त्यांच्या टोकांना इवल्याशा झडपा उचलल्या जातात आणि परागकण बाहेर येतात. तोवर कुक्षी सुकलेली असते.

वाणांचे यावरून दोन गट आहेत. ‘ए’ गटाचं फूल सकाळी मादी आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नर. ‘बी’ गटाचं दुपारी मादी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर. म्हणून एक ए आणि एक बी जवळ असलं की फळधारणा सुधारते. सिमंड्स आणि चोकेट ए, पोलॉक, मन्रो आणि बूथ ८ बी. एकट्या झाडालाही थोडी फळं धरतात, कारण हवा बदलली की वेळा थोड्या सरकतात आणि काही फुलं एकमेकांना गाठतात. पण जागा दोनांची असेल तर जोडी लावा, किंवा वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना दुसऱ्या गटाचं लावायला सांगा.

परागीकरण मधमाश्या आणि माश्या करतात. फुलोऱ्याच्या महिन्यात कुठलंही औषध मारू नका, कडुलिंबाचं तेलसुद्धा नाही. जवळ तुळस फुलू द्या, तिच्यावर माश्या येतात. मधमाश्या दिसतच नसतील तर मऊ ब्रशने उभ्या पुंकेसरांवरचा पराग टिपून त्या वेळी मादी असलेल्या फुलांना लावता येतो.

हजार फुलांमागे एखाद-दोन फळं टिकली तर चांगलं म्हणायचं. वाटाण्याएवढी फळं खाली सडा घालतात, त्याने घाबरू नका. याच सुमारास जुनी पानंही पिवळी होऊन गळतात, तेही नेहमीचंच.

फळ

वेस्ट इंडियन वाणांची फळं साधारण पाच ते आठ महिन्यांत तयार होतात, म्हणजे आपल्याकडे बरीचशी जुलै ते सप्टेंबरच्या पावसातच. खारी आणि वटवाघळं टपलेली असतात, नॅशनल पार्कच्या कडेला माकडंही. फळ लिंबाएवढं झालं की जाळीची पिशवी बांधा.

अ‍ॅव्होकाडो झाडावर पिकत नाही, उतरवल्यावरच मऊ होतो. त्यामुळे तयार झालंय हे ओळखणं थोडं अवघड जातं. तकाकी कमी होते, देठ किंचित पिवळसर होतो. खात्रीसाठी सगळ्यात मोठं एक फळ कात्रीने, बोटभर देठ ठेवून कापा आणि तांदळाच्या डब्यात ठेवा, सोबत पिकलेलं केळं ठेवलंत तर लवकर होतं. तीन ते आठ दिवसांत एकसारखं मऊ झालं तर बाकीची तयार आहेत. सुरकुतलं, रबरासारखं चिवट राहिलं तर आणखी तीन आठवडे थांबा. चिरल्यावर कोयीवरचं आवरणही पाहा: तयार फळात ते पातळ आणि तपकिरी असतं, कोवळ्या फळात जाड आणि पांढरट.

घरात पोपट किंवा लव्हबर्ड असतील तर त्यांना फळाचा तुकडाही देऊ नका, आणि छाटलेला पाला शेळ्यांपुढे टाकू नका. यातलं पर्सिन नावाचं द्रव्य पक्ष्यांना आणि काही जनावरांना विषारी असतं.

सगळी फळं एकदम उतरवायची घाई नको. तयार फळ झाडावर दोन-तीन आठवडे सहज टिकतं, म्हणून दर आठवड्याला दोन-चार, मोठी आधी, असं घेत जा. जोराचा पाऊस-वारा येणार अशी सूचना आली तर मात्र आदल्या दिवशीच मोठी फळं काढून घ्या, कारण जमिनीवर आपटलेलं फळ आतून काळं पडतं.